दोन बोटं दक्षिणेला

भाईंच्या खुर्चीत बसून समोर पाहिलं की सात खुणा दिसत. डावीकडून मोजायला लागलं तर विहिरीच्या रहाटाचा खांब, वादळात शेंडा मोडलेला माड, जोडमाड, होडीची शेड, समुद्रातल्या खडपावरचा लाल दिवा, देवळाची निशाणकाठी, आणि उजवीकडे अगदी शेवटी पाण्यात उतरलेलं डोंगराचं नाक. संचिताने लग्नानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात या सातही खुणा वहीत उतरवल्या आणि प्रत्येकीसमोर टेपने मोजलेलं अंतर लिहिलं. डोंगराच्या नाकापर्यंत आणि लाल दिव्यापर्यंत टेप पोचणार नव्हती. दिव्यापुढे तिने लिहिलं, 'सुमारे दीड किलोमीटर, ओमकारच्या सांगण्यावरून.'

ओमकार तिचा नवरा. मालवणच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगतच्या त्या वाडीतून तो पर्यटकांना बोटीने समुद्रात नेई. भाई त्याचे वडील. त्यांचं खरं नाव भिकाजी, पण त्या नावाने त्यांना आता फक्त मतदार यादी ओळखत होती. वय अठ्ठ्याहत्तर. पंचेचाळीस वर्षं होडीवर गेलेली, आणि अजूनही संध्याकाळी छोटी होडी वल्हवत खडपाच्या आत गरी टाकून बसायची सवय सुटलेली नव्हती.

संचिता मूळची आतल्या भागातल्या कट्टा गावची. तिच्या माहेरी समुद्र म्हणजे बसचा प्रवास. पदार्थविज्ञानात तिने पदवी घेतली होती आणि आता कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती सहायक होती. तारे उगवतात, मावळतात, रोज चार मिनिटं आधी येतात, हे सगळं तिला पाठ होतं. पण आकाशाकडे बोट करून 'हा अमुक' असं सांगणारं कुणी तिला तोवर भेटलं नव्हतं.

सासरी ते आयतं मिळालं. जेवणं लवकर आटोपली की भाई खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसत आणि संचिता शेजारी पायरीवर बसे. पहिल्याच दिवशी तिने मोठ्या उत्साहाने चार मिनिटांची गोष्ट सांगितली. भाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"चार मिनिटां कोण मोजीत बसता गो? आमी म्हणतंव, पंधरवड्याक एक तास."

संचिताने मनातल्या मनात पंधरा गुणिले चार केले. उत्तर साठ आलं.

मग भाईंनी तिला घराच्या मागल्या बाजूला नेलं, ध्रुव दाखवला आणि हात लांब करून, एक डोळा मिटून क्षितिजापासून बोटं रचत वर नेली. नऊ बोटं भरली.

"हंय नऊ. मुंबयक गेलंव की दीड बोट वर चढता. होडी खंयसर इली, तां माका ध्रुवान सांगल्यान, इंजिनवाल्यान नाय."

त्या रात्री संचिताने हिशेब घातला. भाईंच्या बोटाची रुंदी दोन सेंटिमीटर. डोळ्यापासून बोटापर्यंत चौसष्ट. म्हणजे हात बोटाच्या बत्तीसपट लांब. मालवण आणि मुंबई यांच्या अक्षांशांतला फरक भाईंच्या बोटांत मांडला तर एक पूर्णांक सहा आला. तिने तो आकडा दोनदा तपासला आणि सकाळी भाईंच्या चहात न विचारता एक चमचा साखर जास्त घातली. सासूबाईंनी, नर्मदाबाईंनी, ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

भाईंच्या सात खुणांपैकी चार खुणांना उन्हाळ्यातले तारे नेमून दिलेले होते. त्रिशंकू उभा राहिला की तो रहाटाच्या खांबावर. अगस्त्य बुडताना जोडमाडाच्या दोन खोडांमधून खाली उतरायचा. व्याध लाल दिव्यावर, आणि मृगाचे तीन तारे निशाणकाठीवर. बाकीच्या तीन खुणा दिवाळीनंतरच्या ताऱ्यांच्या होत्या, त्या भाईंच्या शब्दांत 'सुट्टेर' होत्या. अगस्त्याचा मान सगळ्यांत मोठा. मे सरता सरता तो संध्याकाळच्या उजेडात दिसेनासा होई, त्या दिवशी भाई छोटी होडी वर ओढून घेत. कॅलेंडरवर काहीही असो.

फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये हे तारे मावळेपर्यंत भाई झोपून गेलेले असत. एप्रिल अर्धा झाला तेव्हा अगस्त्य दहाच्या आत बुडायला लागला. एका रात्री तो पाहायला म्हणून भाई जागे राहिले. संचिताही होती. तारा खाली आला, भाईंनी हात लांब केला, डोळा मिटला, आणि मग हात तसाच धरून बराच वेळ बसले.

"काय झालां, भाईनू?"

"काय नाय," भाई म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं.

"अगस्त्य हललो. जोडमाडात उतरना नाय. भायरसून जाता, दोन बोटां दक्षिणेक."

ओमकार मासा सोलत होता. त्याने मान वर केली नाही. "भाईनू, तारो हललो की तुमी हललात?"

"मी खंय हलतंय? पन्नास वर्सां त्याच खांबाक टेकान बसलंय."

संचिताला राहवलं नाही. प्रश्न तिच्या विषयातला होता. "तारे असे हलनत नाय. अगस्त्य शंभर वर्षांतय बोटभर सरकाचो नाय. येळ बदलता, जागा नाय."

वाक्य बिनचूक होतं. नर्मदाबाईंनी ओमकारकडे पाहिलं, ओमकारने त्यांच्याकडे. तारा हलला नसेल तर काय हललं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. भाईंचे थोरले भाऊ परशुराम याच घरात वारले होते. शेवटच्या वर्षी ते स्वतःच्या अंगणात उभं राहून विचारायचे, "भिकाजीचां घर खंय रे?" सुरुवात त्यांचीही अशीच झाली होती, देवळाची वाट चुकण्यापासून.

सकाळी छोट्या होडीची वल्ही शेडमध्ये आडव्या बांबूवर ठेवलेली होती आणि शेडला कुलूप होतं. किल्ली ओमकारच्या खिशात.

"खडपातली वाट अंधारात खुणांवरच काढूची लागता," तो संचिताला म्हणाला. "एक खूण चुकली तर होडी फुटात. पावस लागलो की तेंका डॉक्टराक दाखवूया. तोवर नको."

"पण वल्ही काढून घेवची होतीस?"

"तूच म्हटलंस ना, तारो हलना नाय."

संचिता वही घेऊन आत गेली.

भाई चिडले नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. ते शेडकडे गेले, कुलपाला एकदा हात लावला आणि परत आले. दोन दिवस त्यांनी खुर्ची पाठमोरी, घराकडे तोंड करून ठेवली. तिसऱ्या संध्याकाळी संचिता पायरीवर येऊन बसली तेव्हा ते हळू आवाजात म्हणाले,

"बाय, एक विचारतंय. खरां काय तां सांग. गोड बोलान नको."

"विचारा."

"परशुरामदादाकय वाटायचां, आपलां बरोबर आसा म्हणान. दुसरे सगळे चुकतत. माझां तसांच झालां काय?"

नाही म्हणणं सोपं होतं. संचिताने ते म्हटलं नाही, कारण तिला ते माहीत नव्हतं.

"माका पंधरा-वीस दिवस द्या, भाईनू. मी मोजतंय."

"काय मोजतलंस?"

"सगळां. पण खुर्ची सरळ करा. आणि बोटां तुमची व्हयी, माझी बारीक आसत."

भाई उठले आणि त्यांनी खुर्ची फिरवली.

आधी तिने जोडमाडावर संशय घेतला. किनाऱ्याकडचे माड कलतात. मुळांखालची वाळू सरकली असेल. तिने ओळंबा नेला, ओमकारच्या फोनमधले दोन वर्षांपूर्वीचे फोटो काढले आणि खोडाचा कल पडताळला. माड होता तसाच होता. मग तिने भाईंच्या हातावर संशय घेतला. दिवसाउजेडी त्यांच्याकडून शेडच्या दरवाजाची रुंदी बोटांत मोजून घेतली, सात वेळा. सातही वेळा साडेतीन बोटं आली. नर्मदाबाई पदराने हात पुसत हे पाहत होत्या.

"सून इली की मास्तरीण इली, काय समजना नाय," त्या म्हणाल्या. "माझां नाक किती बोटां, तांय मोजून घी."

"तां दोन बोटां जास्तच आसा," भाई म्हणाले, आणि कुलूप लागल्यापासून पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं.

मे उजाडला. तारे पंधरवड्याला एक तास या हिशेबाने आधी यायला लागले आणि सगळं काम जेवणाच्या आगेमागे होऊ लागलं. आता संचिताने अगस्त्य सोडून बाकीचे तीनही तपासायला घेतले. भाई खुर्चीत बसून बोटं लावायचे, ती टॉर्चला लाल कागद बांधून वहीत लिहायची. चार संध्याकाळींची मोजणी झाल्यावर पान असं दिसत होतं:

त्रिशंकू, रहाटाचा खांब, अंतर सत्तर फूट: तीन बोटं डावीकडे.
अगस्त्य, जोडमाड, अंतर एकशे अठ्ठावीस फूट: दोन बोटं दक्षिणेला.
मृग, निशाणकाठी, अंतर तीनशे फूट: अर्धं बोट दक्षिणेला.
व्याध, लाल दिवा, अंतर सुमारे दीड किलोमीटर: फरक नाही.

ते पान घेऊन ती प्रयोगशाळेत गेली आणि डब्याच्या सुट्टीत त्याच्याकडे पाहत राहिली. आठवणीने दगा दिला असता तर एखादी खूण विसरली गेली असती, एखादी उलट्या बाजूला गेली असती. इथे चारही उत्तरं एका ओळीत उभी होती. खूण जितकी जवळ तितकी चूक मोठी, आणि खूण लांब गेली की चूक संपते. विसरलेल्या माणसाला इतकं शिस्तीत चुकता येत नाही.

तिने समोर एक परीक्षानळी उभी धरली, एक डोळा मिटला आणि डोकं थोडं डावीकडे नेलं. नळी खिडकीच्या गजावरून उजवीकडे सरकली. बाहेरचा डोंगर जागचा हलला नाही.

ओमकारने जेवताना केलेली थट्टा तिला आठवली: 'तारो हललो की तुमी हललात?'

तिने पेन्सिल घेतली. भाईंचा हात बोटाच्या बत्तीसपट. जोडमाड एकशे अठ्ठावीस फुटांवर. तिथलं एक बोट म्हणजे चार फूट, दोन बोटं म्हणजे आठ. बाकीच्या खुणा खुर्चीतून तिरप्या दिसत होत्या, म्हणून तिथे हिशेब थोडा लांबला, पण तिन्हींचं उत्तर आठाच्या आसपासच येत होतं. भाईंची खुर्ची आपल्या जागेपासून आठ फूट डावीकडे, म्हणजे तुळशीच्या बाजूला सरकलेली असायला हवी होती.

पण खुर्ची सरकली नव्हती. ती पहिल्या दिवसापासून खळ्यावरच्या माटवाच्या, म्हणजे मांडवाच्या, तिसऱ्या खांबाला टेकलेली तिने स्वतः पाहिली होती.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा भाई विहिरीवर पाय धुऊन खळ्याकडे येत होते. संचिता दारात थांबून पाहत राहिली. भाईंना तिन्हीसांजेला जवळचं नीट दिसत नसे. ते तुळशीजवळ आले, हात पुढे केला आणि माटवाच्या कडेने चालत एकेका खांबाला तळवा लावत गेले. एक. दोन. तीन. तिसऱ्यावर हात ठेवून ते वळले आणि न पाहता खुर्चीत बसले.

खळ्यावर दरवर्षी दिवाळीनंतर माटव घालायचा, पोफळीचे खांब रोवून वर माडाची झापं पसरायची आणि पावसाआधी सगळं उतरवायचं, ही त्या वाडीतली सगळ्यांचीच रीत होती. खांबांचे खड्डे ठरलेले असत. पावसाळ्यात त्यांच्यावर चिरे ठेवत, पुन्हा तेच खड्डे उघडून ज्याचा खांब त्यात रोवत. पन्नास वर्षं त्याच खांबाला टेकून बसतोय असं भाई म्हणाले होते, ते यामुळे.

संचिताने समोरच्या रांगेतले खांब मोजले. सहा होते. सात खुणा तिने दुसऱ्या आठवड्यात मोजल्या होत्या, त्यांची अंतरं टेपने घेतली होती. खांब मोजले नव्हते.

"आये," तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "माटवाक दरवर्षी सहा खांब असतत?"

नर्मदाबाई भाकरी थापत होत्या. "पाच. अवंदा एक गाळो वाढयलो. तुझ्या लग्नाक कट्ट्याची दीडशे माणसां येवची होती मां? मांडववालो म्हणालो, एवढ्यात मावाची नाय. म्हणान तुळशीपर्यंत नेल्यान."

"तुळशीच्या बाजूक?"

"मगे खंय? दुसऱ्या बाजूक गोठो आसा." भाकरी तव्यावर टाकता टाकता त्यांचा हात थांबला. "कित्याक गो?"

संचिताने लगेच काही सांगितलं नाही. आधीच सांगितलं तर भाईंच्या बोटांवर त्याचा परिणाम होईल, आणि मग ते मोजणं राहणार नाही. तिने फक्त ओमकारला शेडपाशी गाठलं.

"उद्या आठाच्या आधी घरी ये. अगस्त्य बघूक."

"कित्याक?"

"भाई बोटां लावतले. फरक दोन बोटां इलो तर डॉक्टराकडे मी स्वतः नेतंय तेंका. फरक नाय इलो तर किल्ली दी."

ओमकारने तिच्याकडे पाहिलं. "काय केलंस तू?"

"काय नाय. लग्न केलंय," ती म्हणाली आणि निघून गेली.

बारा मेला आभाळ स्वच्छ होतं आणि चंद्र नव्हता. साडेसातला भाई पाय धुऊन आले. तुळशीपाशी हात पुढे केला. एक, दोन, तीन. तिसऱ्या खांबापाशी ते वळले आणि थबकले.

"खुर्ची खंय गेली?"

"फुडच्या खांबाक आसा, भाईनू. आज थंय बसा."

"आज काय नवीन?"

"काय नाय. लादी पुसलंय, ओली आसा."

ती लादी नव्हती, शेणाने सारवलेलं खळं होतं आणि ते भाईंना चांगलं ठाऊक होतं. पण सुनेच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून ते पुढे गेले, चौथ्या खांबाला हात लावला आणि बसले. बसल्यावर पाठीने खांब चाचपला. या खांबावर, खांद्याच्या उंचीवर, एक गुळगुळीत खोलगट जागा होती. पाठ तिच्यात नेमकी बसली. भाई तिथून हलले नाहीत.

ओमकार येऊन मागे उभा राहिला. नर्मदाबाई तुळशीला दिवा लावून आल्या त्या तिथेच थांबल्या. समुद्रावरचा तांबूस उजेड विझत गेला. जोडमाडाची खोडं काळी झाली आणि त्यांच्या वर, नैऋत्येला, अगस्त्य दिसायला लागला. धुरकट, पिवळसर, खाली येताना जरा उजवीकडे सरकत.

"दिसता तुमका?" संचिताने विचारलं.

"दिसता."

"मगे बोटां लावा. घाई नको."

भाईंनी हात लांब केला. उजवा डोळा मिटला. तारा खोडांच्या उंचीला आला, त्यांच्या फटीकडे झुकला. भाईंनी दोन बोटं वर केली, मग एक दुमडलं. मग दुसरंही दुमडलं आणि मूठ तशीच हवेत राहिली.

"किती?" ओमकारने विचारलं.

भाई वळले नाहीत. मूठ खाली घेऊन त्यांनी पाठीमागे नेली आणि खांबाच्या त्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला.

"हो माझो खांब," ते म्हणाले. "ह्यो चौथो कसो झालो?"

"कट्ट्याच्या माणसांनी केल्यानी," नर्मदाबाई म्हणाल्या. "दीडशे माणसां जेवान गेली आणि तुमका आठ फूट ढकलून गेली."

"बरोबर आठ?" भाईंनी संचिताला विचारलं.

"हिशेबान आठ. टेप अजून लावक नाय."

"मगे लाव गो. अर्धवट ठेवू नको."

ओमकारने खिशातून शेडची किल्ली काढली आणि खुर्चीच्या हातावर ठेवली. भाईंनी ती उचलली, कनवटीला खोचली, आणि पुन्हा माडांकडे पाहायला लागले. तारा अजून पुरता बुडायचा होता.

संचिताने टॉर्च लावला. ओमकारने टेपचं टोक तिसऱ्या खांबावर धरलं, तिने पेटी चौथ्यापर्यंत नेली. मग पायरीवर बसून तिने वहीत लिहिलं:

१२ मे. तिसरा ते चौथा खांब: सात फूट अकरा इंच. सायंकाळी सात वाजून सत्तावन्न मिनिटं, चौथ्या खांबावरून, अगस्त्य आणि जोडमाड यांतला फरक: शून्य बोटं.